निर्बंधांविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि दोस्त मिळाले, ते कसं?

कोविडच्या निर्बंधांविरुद्ध जगभर जी आंदोलनं झाली, त्यांत उतरलेल्यांची मनोगतं वाचली की एक गोष्ट हमखास सापडते. लस, सरकार, औषध कंपन्या यांच्यावरचा राग तर असतोच, पण त्याच्या जोडीला एक वेगळाच सूर असतो: तिथे मला माझी माणसं भेटली. न्यूझीलंडच्या राजधानीत, वेलिंग्टनला, संसदेसमोर तंबू ठोकून बसलेले असोत, कॅनडाच्या राजधानीत, ऑटवात, ट्रक आडवे लावून बसलेले असोत, की जर्मनीतल्या गावागावांत सोमवारी संध्याकाळी 'फिरायला' म्हणून निघणारे असोत, सगळीकडे हेच ऐकू येतं. कुणी गळाभेटी आठवतं, कुणी फुकट मिळालेलं गरम जेवण, कुणी अनोळखी बाईने आणून दिलेलं पांघरूण.

यावर आपल्याकडे दोन ठरलेल्या प्रतिक्रिया येतात. एक म्हणजे 'सगळे येडे एका जागी जमले, दुसरं काय!' आणि दुसरी म्हणजे 'सत्यासाठी उभी राहिलेली माणसं बघा कशी एकमेकांना धरून असतात.' दोन्ही सारख्याच आळशी. मी लस घेतलेला, बूस्टरही घेतलेला माणूस आहे आणि लशीबद्दलचे या मंडळींचे बहुतेक दावे मला चुकीचेच वाटतात. तरीही त्यांची मैत्री खोटी होती असं म्हणायला जीभ रेटत नाही. ती खरी होती. आणि ती कशी जुळली हे कळलं की पुढचं बरंच कोडं सुटतं. माणसं तिथे का टिकली, आधी हसण्यावारी नेल्या असत्या अशा गोष्टी खऱ्या का मानू लागली, आणि निर्बंध उठल्यावरही काही जण घरी परतून का परतले नाहीत, हे सगळं त्या मैत्रीत आहे.

चार देशांत भटकण्यापेक्षा एकच उदाहरण नीट धरू या: वेलिंग्टन.

आधी टीम झाली, मग टीमबाहेरचे

न्यूझीलंडने मार्च २०२० मध्ये सीमा बंद केल्या आणि २५ तारखेच्या रात्रीपासून देशभर कडक लॉकडाऊन लावला. पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न टीव्हीवरून लोकांशी बोलायच्या. त्यांचं तेव्हाचं गाजलेलं वाक्य म्हणजे 'आपण पन्नास लाखांची टीम आहोत'. लोकसंख्याच तेवढी. आणि टीमने करून दाखवलं. पहिल्या दीड वर्षात त्या देशात कोविडने गेलेल्यांची संख्या तिसाच्याही आत होती. एप्रिल-मे २०२१ मध्ये आपण ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी फोन फिरवत होतो, तेव्हा तिकडे लोक मैफलींना जात होते. हे यश लहान नाही, आणि ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट सांगणं अप्रामाणिकपणाचं ठरेल.

ऑगस्ट २०२१ मध्ये डेल्टा शिरला. ऑकलंड शंभराहून जास्त दिवस बंद राहिलं. ऑक्टोबरमध्ये सरकारने जाहीर केलं की शिक्षक आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना लस घ्यावीच लागेल, नाहीतर कामावर येता येणार नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून ते लागू झालं. डिसेंबरपासून हॉटेल, जिम, सलून, समारंभ या ठिकाणी मोबाइलवरचा लस-पास दाखवल्याशिवाय आत घेईनात. तोवर बारा वर्षांवरच्या नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी लस घेतलेली होती.

आता उरलेल्यांच्या जागी उभं राहून बघा. एखादी शाळेतली बाई आहे. पंधरा वर्षं शिकवतेय. तिने लस घेतली नाही. कारण काहीही असेल, भीती, हट्ट, आधीचा एखादा वाईट अनुभव, इंटरनेटवर वाचलेलं काहीबाही. नोव्हेंबरात तिची नोकरी गेली. इथवर ते सरकारी धोरण आहे, त्यावर वाद घालता येतो. पण पुढच्या काही आठवड्यांत तिचा जिम गेला, केस कापायची जागा गेली, मैत्रिणींबरोबरची कॉफी गेली. नाताळच्या जेवणाला बहिणीने 'यंदा जरा नकोच' म्हटलं. शाळेतल्या सहकाऱ्यांचे फोन आधी कमी झाले, मग थांबले. यातलं काही कायद्याने घडवलं, बाकीचं माणसांनी आपणहून केलं. देश ही एक टीम आहे असं दीड वर्ष मनावर ठसल्यावर खेळायला नकार देणारा माणूस नुसता चुकीचा वाटत नाही, फितूर वाटतो.

किपलिंग विल्यम्स नावाचे मानसशास्त्रज्ञ एकदा कुत्र्याला घेऊन बागेत बसले होते. शेजारी दोन माणसं फ्रिस्बी खेळत होती. ती घरंगळत यांच्यापाशी आली. यांनी परत फेकली. त्या दोघांनी पुन्हा यांच्याकडे फेकली, आणि मिनिटं-दोन मिनिटं तिघांचा खेळ रंगला. मग काही न बोलता ते दोघं परत आपापसातच खेळायला लागले. विल्यम्सना इतकं लागलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. ना ओळख ना देख, तरी इतकं का लागावं? त्यांनी पुढे आयुष्यभर यावरच प्रयोग केले. संगणकावर चेंडूफेकीचा साधा खेळ मांडायचा आणि थोड्या वेळाने एकाला चेंडू द्यायचाच नाही. समोर माणूस नसून यंत्र आहे हे सांगितलं तरी लोकांना वाईट वाटतं. समोरचा गट ज्याच्याशी एरवी बोलणारही नाही असा असला तरी वाटतं. वगळलं जाणं इतकं आत जाऊन बोचतं, आणि बोचल्यावर माणूस जो कुणी आधी 'ये' म्हणेल त्याच्याकडे जातो.

म्हणजे आंदोलन सुरू व्हायच्या आधीच मैत्रीची जागा रिकामी होऊन बसली होती. हे ध्यानात ठेवलं नाही तर पुढचं सगळं अचानक घडल्यासारखं वाटतं.

हिरवळीवरचे २३ दिवस

जानेवारीच्या शेवटी कॅनडातल्या ट्रकवाल्यांनी ऑटवा अडवलं. त्यांचं पाहून ६ फेब्रुवारी २०२२ ला, वैतांगी दिनाच्या म्हणजे राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत, न्यूझीलंडच्या दोन्ही टोकांकडून गाड्यांचे ताफे निघाले. वाटेत पुलांवर उभे राहून लोक झेंडे हलवत होते. ज्यांना तीन महिने कुणी घरी बोलावलं नव्हतं, त्यांना अनोळखी माणसं हात करत होती. ८ तारखेला ताफे वेलिंग्टनला पोचले आणि संसदेसमोरच्या हिरवळीवर तंबू पडले.

कोण होते हे? सरकारी सक्ती नको म्हणणारे साधे नोकरदार आणि छोटे धंदेवाले, निसर्गोपचार आणि योगवाले, पेंटेकोस्टल चर्चची मंडळी, स्वतंत्र माओरी सत्तेचे झेंडे घेतलेले माओरी (तिथले मूळ रहिवासी), हरे कृष्णवाले, नोकरी गेलेले शिक्षक आणि नर्स, आणि हो, अतिउजवे आणि पंतप्रधानांना फासावर चढवा म्हणणारेसुद्धा. एक-दोन ठिकाणी ट्रम्प यांचे झेंडेही फडकत होते, न्यूझीलंडात त्यांचं काय काम हे विचारू नका. एरवी ही माणसं एका टेबलाशी चहाला बसली नसती. जर्मनीतही हाच प्रकार होता. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल विद्यापीठाच्या समाजशास्त्रज्ञांनी २०२० च्या अखेरीस तिथल्या आंदोलकांची पाहणी केली, तेव्हा आधीच्या निवडणुकीत हरित पक्षाला मत दिलेले त्यांत अतिउजव्या एएफडीला मत दिलेल्यांपेक्षा जास्त निघाले. म्हणजे समविचारी माणसं जमली आणि म्हणून मैत्री झाली, हे सरळ उत्तर इथे लागू पडत नाही. विचार फारसे जुळत नव्हते.

मग जुळलं काय? माझ्या मते सगळ्यात जास्त काम पाण्याने केलं.

१० फेब्रुवारीला पोलिसांनी हिरवळ मोकळी करायचा प्रयत्न केला, शंभराहून जास्त जणांना पकडलं, पण तंबू काही हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संसदेचे सभापती ट्रेव्हर मॅलार्ड यांनी लॉनचे फवारे चालू करायला लावले. भिजतील, वैतागतील, जातील असा हिशेब. जोडीला भोंग्यांवरून जुनी प्रेमगीतं, लग्नात वाजतात तसली नाचाची गाणी आणि लशीच्या जाहिराती, पंधरा-पंधरा मिनिटांच्या फेऱ्यात. त्यातच शनिवार-रविवारी डोव्ही चक्रीवादळाच्या शेपटाचा पाऊस आला. हिरवळीचा चिखल झाला.

आणि माणसं गेली नाहीत. त्यांनी फावडी घेतली आणि पाणी वळवायला चर खणले. कुठून कुठून पेंढा आणून चिखलावर अंथरला. ताडपत्र्या ताणल्या. भोंग्यावरच्या गाण्यांवर नाचले, मग स्वतःचे स्पीकर आणून आपली गाणी लावली. पहिल्या दिवशी जी नुसती गर्दी होती, तिची त्या दोन रात्रींत वस्ती झाली. कोण कुठल्या पक्षाचा, कुणाचा देव कुठला, हे फावडं हातात असताना कोण विचारतो?

यात दोन गोष्टी एकदम घडल्या आणि दोन्ही समाजशास्त्राला ठाऊक असलेल्या आहेत.

पहिली गोष्ट ब्रिटनमधले स्टीफन रायकर आणि त्यांचे सहकारी गेली चाळीसेक वर्षं सांगत आलेत. १९८० साली ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात पोलिसांच्या धाडीनंतर दंगल झाली, तिथून त्यांचा हा अभ्यास सुरू झाला. जमाव म्हणजे एकजीव माणसांचा गोळा नसतो. त्यात दहा प्रकारचे लोक असतात. पण समोरचा अधिकारी त्या सगळ्यांना एकच समजून एकच वागणूक देतो, तेव्हा ते खरंच एक होतात. फवाऱ्याचं पाणी फाशीच्या घोषणा देणाऱ्यावर जेवढं पडलं, तेवढंच पोरं घेऊन आलेल्या आईवरही पडलं. त्या आईला शेजारच्याबद्दल काल जो संशय होता तो आज उरला नाही, कारण आज दोघं एकाच पाण्यात भिजली होती. मॅलार्ड यांनी बहुधा आठवड्याभराचं संघटनेचं काम एका रात्रीत करून दिलं, तेही विरोधकांसाठी.

दुसरी गोष्ट शरीराची. ऑस्ट्रेलियात ब्रॉक बॅस्टियन यांनी २०१४ मध्ये एक साधा प्रयोग केला. अनोळखी विद्यार्थ्यांच्या एका गटाला बर्फाच्या पाण्यात हात घालून बसवलं आणि भिंतीला पाठ लावून अर्धं बसायला लावलं. दुसऱ्या गटाला तसंच काम साध्या पाण्यात, आरामात. त्रास सोसलेल्या गटाला एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली आणि पुढच्या खेळात ते एकमेकांशी जास्त सहकार्याने वागले. पायी वारीला जाऊन आलेल्याला हे सांगायला प्रयोगाची गरज नाही. एकाच झाडाखाली पाऊस काढलेला माणूस लक्षात राहतो.

मग उरतो तो निव्वळ वेळेचा हिशेब. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मोजायचा प्रयत्न केला की ओळखीच्या माणसाचा मित्र व्हायला किती तास लागतात. त्यांचा अंदाज असा की जुजबी मैत्रीला साधारण ५० तास, मित्र म्हणण्यासारखं व्हायला ९०, आणि जिवाभावाच्या मैत्रीला दोनशेच्या वर. नोकरी, प्रवास, पोरांच्या शिकवण्या यांतून मोठ्या माणसाला असे दोनशे तास काढायला वर्षं लागतात. म्हणूनच चाळिशीनंतर नवे मित्र होत नाहीत असं आपण म्हणतो. आता छावणीचं गणित करा. २३ दिवस, जागेपणीचे रोजचे चौदा तास धरले तरी तीनशेच्या वर जातात. नोकरी गेलेलीच, कुठे जायचं नाही, शेजारच्या तंबूतला माणूस सकाळी चहा घेऊन उभा. जी मैत्री एरवी पाच वर्षांत झाली असती ती तीन आठवड्यांत झाली, यात जादू काही नाही.

शिवाय काम होतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं आणि यावर बोललं जातं कमी. छावणीत स्वयंपाकाचे तंबू होते, देणगीत येणारा शिधा नीट लावायला माणसं लागत होती, कपडे धुवायची सोय, पोरांना सांभाळायची जागा, प्रथमोपचाराचा तंबू, भाजीची रोपंसुद्धा लावली होती. जिला सरकारने 'तू आता शाळेला नकोस' म्हणून सांगितलं, तिला इथे तीस पोरं सांभाळायला मिळतात. ज्या नर्सला दवाखान्याचं दार बंद झालं, तिच्यापाशी लोक मुरगळलेला पाय घेऊन येतात. गमावलेला पगार परत मिळत नाही, पण आपली कुणाला तरी गरज आहे ही भावना परत मिळते. ज्याला ती तीन महिने मिळालेली नाही, त्याला ती मिळाली की तो ती देणाऱ्यांना सोडत नाही.

आपल्याकडे असं का झालं नाही?

महाराष्ट्रातही निर्बंधांना विरोध झाला. ऑगस्ट २०२० मध्ये मंदिरं उघडा म्हणून भाजपने घंटानाद केला, ३१ ऑगस्टला प्रकाश आंबेडकर वारकऱ्यांना घेऊन पंढरपुरात विठ्ठल मंदिराशी धडकले. एप्रिल २०२१ मध्ये 'ब्रेक द चेन'च्या आदेशाने दुकानं बंद झाली तेव्हा व्यापारी रस्त्यावर आले. पण नीट बघा, ही सगळी माणसं एकमेकांना आधीच ओळखत होती. पक्ष होता, फड-दिंड्या होत्या, व्यापारी महासंघ होता. आंदोलन संपलं की माणूस आपल्या दुकानात, आपल्या दिंडीत, आपल्या शाखेत परत गेला, जिथून तो आला होता. त्याचं कुटुंब आणि गल्ली त्याच्यावर रुसली नव्हती. निर्बंधविरोध ही त्याची नवी ओळख व्हायचं कारणच नव्हतं.

वेलिंग्टनच्या हिरवळीवर आलेल्यांच्या मागे असं काही नव्हतं. कुणाच्या मागे काही संघटना होत्या, नाही असं नाही, पण बहुतेक माणसं एकेकटी, फार तर नवरा-बायको अशी आलेली. म्हणून जे जुळलं ते सगळं त्या हिरवळीचंच.

मैत्रीची दुसरी बाजू

आता कडू भाग. छावणीतल्या लोकांना ते २३ दिवस प्रेमाचे वाटले. छावणीच्या कडेने रोज कामाला जाणाऱ्यांना ते तसे वाटले नाहीत. मास्क लावून जाणाऱ्यांना हिणवलं, धमकावलं गेलं. त्यांत जवळच्या मुलींच्या शाळेतल्या विद्यार्थिनीही होत्या. विद्यापीठाचा विधि विभाग संसदेसमोरच आहे, तो बंद ठेवावा लागला. बसगाड्यांचे मार्ग वळवावे लागले. पोलिसांवर घाण फेकली गेली. ऑटवात याहून तीव्र विरोधाभास होता. रस्त्यावर शेकोट्या, पोरांसाठी हवेचे किल्ले, चक्क गरम पाण्याचा टब, मिठ्या. आणि त्याच रस्त्यावरच्या इमारतींत राहणारे लोक ट्रकच्या भोंग्यांनी रात्र-रात्र झोपू शकत नव्हते. शेवटी ७ फेब्रुवारीला कोर्टाकडून भोंग्यांवर मनाई आणावी लागली. आत जितकी ऊब, बाहेर तितकाच जाच, आणि आतल्यांना बाहेरचा जाच दिसत नव्हता. दिसला तरी तो 'आपल्या' माणसांनी केलाय हे पटत नव्हतं.

मैत्रीचं हे एक काम असतं, ती आपल्या माणसाबद्दल शंका घ्यायला देत नाही. चिखलात ज्याने तुमचा तंबू सावरला, त्याने संध्याकाळी 'सगळ्या मंत्र्यांना लटकवलं पाहिजे' म्हटलं तर तुम्ही काय करता? बहुतेक जण गप्प बसतात. विषय बदलतात. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत एखादा काका काहीबाही बरळतो तेव्हा आपणही तेच करतो. फरक इतकाच की इथे तो काका २३ दिवस शेजारी आहे, आणि तुमच्या घरच्यांनी तुम्हाला वाऱ्यावर सोडलं असताना तोच एक विचारपूस करतोय. तुमचं गप्प बसणं हळूहळू मान डोलावण्यात बदलतं.

झियाद मन्सन या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या गर्भपातविरोधी कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा त्याला एक उलटा क्रम सापडला. आपण धरून चालतो की माणसाचं आधी मत बनतं आणि मग तो चळवळीत जातो. त्याला असे कितीतरी कार्यकर्ते भेटले ज्यांचं सुरुवातीला काही ठाम मत नव्हतं, काहींचं तर चक्क उलट होतं. मैत्रीण म्हणाली चल, म्हणून गेले. गेले, रमले, काम करू लागले, आणि मत मागाहून पक्कं झालं. निर्बंधविरोधकांतही हेच घडलेलं दिसतं. 'माझी नोकरी घालवू नका' एवढंच म्हणणं घेऊन आलेला माणूस तीन आठवड्यांनी जागतिक कटाची पूर्ण मांडणी घेऊन घरी जातो. त्याला ती कुणी व्याख्यान देऊन पटवलेली नसते. भात वाढून घेताना, भांडी घासताना, रात्री शेकोटीशी बसून ती त्याच्यात उतरलेली असते.

शेवटच्या दिवसांत छावणीत ओमायक्रॉन पसरला. माणसं आजारी पडू लागली. तेव्हा काहींनी डोक्याला ॲल्युमिनियम फॉइलच्या टोप्या केल्या. सरकार आपल्यावर किरणांचा मारा करतंय आणि त्याने आपण आजारी पडतोय, असं त्यांचं म्हणणं होतं. बातम्यांत याची भरपूर टिंगल झाली, मलाही हसू आलं होतं. पण पर्याय काय होता ते बघा. आजार कोविडचा आहे असं मान्य करायचं, तर तो शेजारच्या तंबूतून, त्या मिठ्यांमधून आला हेही मान्य करायचं. म्हणजे ज्या माणसांनी जवळ घेतलं त्यांनीच आजारी पाडलं. किरणं बरी, ती निदान पलीकडून येतात.

तंबू उठल्यावर

२ मार्चला पहाटे पोलीस पूर्ण ताकदीनिशी आले. दिवसभर तंबू निघत गेले, दुपारनंतर जाळपोळ झाली, फरशीच्या विटा उखडून फेकल्या गेल्या, लहान मुलांची घसरगुंडी जळाली. छावणी संपली.

गंमत अशी की मागण्यांपैकी बरंच काही पुढच्या महिन्याभरात आपोआप झालं. २५ फेब्रुवारीलाच उच्च न्यायालयाने पोलीस आणि सैन्यातल्यांवरची लस-सक्ती रद्द ठरवली होती. ओमायक्रॉन घरोघरी पोचल्यावर लस-पासला अर्थ उरला नाही आणि ४ एप्रिलच्या रात्री तो गेला. शिक्षकांवरची सक्तीही त्याच दिवशी उठली. उरलेली, मुख्यतः आरोग्य क्षेत्रातली, २६ सप्टेंबरला संपली. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये कोविड चौकशीच्या रॉयल आयोगाने पहिल्या टप्प्याचा अहवाल दिला. सक्ती करण्याला त्या वेळी सबळ कारण होतं, पण काही ठिकाणी ती गरजेपेक्षा जास्त लोकांवर लादली गेली, जास्त काळ राहिली आणि तिने माणसं दुखावली, समाजात फूट पडली, असा त्याचा एकूण सूर आहे. मला तो समतोल पटतो, जरी दोन्हीकडच्या कट्टरांना तो रुचलेला नाही.

मुद्दा संपला म्हणजे गटही विरघळायला हवा होता. बरेच जण गेलेही, घरी जाऊन कामाला लागले, त्यांच्याबद्दल बातम्या येत नाहीत. पण राहिलेल्यांचं काय? त्यांना नवे मुद्दे मिळाले. ऑगस्ट २०२२ मध्ये संसदेवर पुन्हा मोर्चा आला. ऑक्टोबरच्या स्थानिक निवडणुकांत 'व्हॉइसेस फॉर फ्रीडम' या संघटनेने आपल्या लोकांना नगरपालिकांना उभं राहायला सांगितलं. यात कट-कारस्थान किती आणि नुसतं 'आता आपण भेटायचं कशाच्या निमित्ताने?' किती, हे वेगळं काढता येत नाही. मंडळ टिकवायचं तर कार्यक्रम लागतो.

पुढाऱ्यांचं मात्र आपापसात जमलं नाही. २०२३ च्या सार्वत्रिक निवडणुकीत या चळवळीतून निघालेले तीन-चार पक्ष एकमेकांविरुद्ध उभे राहिले, आणि एकालाही संसदेत एक जागा मिळाली नाही. याच मतदारांना हळूच हाक घालणारे जुने मुरब्बी विन्स्टन पीटर्स मात्र सहा टक्के मतं घेऊन परत आले आणि सत्तेत बसले. छावणीला भेट देऊन गेलेल्या मोजक्या राजकारण्यांत ते होते. बाकी पक्षांनी ठरवून पाठ फिरवली होती. पीटर्स यांनी लोकांचं म्हणणं खरं मानलं की नाही हा भाग वेगळा, ते जाऊन भेटले, आणि ते लोकांच्या लक्षात राहिलं.

घरातलं माणूस अशा गटात गेलं की घरचे त्याला लशीचे आकडे दाखवायला लागतात. आकडे बरोबर असतात. पण ते बरोबर मानायचे तर त्याला नुसतं मत बदलून भागत नाही, त्या हिरवळीवरचे मित्रही सोडावे लागतात, आणि बदल्यात काय मिळणार हे कुणी सांगत नाही. नाताळच्या जेवणाला 'जरा नकोच' म्हणणारी बहीण आता फोन करणार आहे का? शाळेत ती बाई एप्रिल २०२२ मध्ये कायद्याने परत जाऊ शकत होती. तिच्यासारखे काही गेले, काहींनी शिकवणंच सोडलं. जे गेले ते स्टाफरूममध्ये त्याच सहकाऱ्यांच्या शेजारी बसले, ज्यांचे फोन नोव्हेंबरात थांबले होते. तिथे पुन्हा ओळखीपासून सुरुवात होती. मधल्या सुट्टीतली वीस-वीस मिनिटं धरली तर पन्नास तास भरायला शाळेचं जवळजवळ अख्खं वर्ष लागतं. आणि रविवारी हिरवळीवरचे मित्र बोलवत होतेच.